कडेची पिवळी रिंग

गुरुजी, तुमच्याविरुद्ध माझी तक्रार आहे आणि ती गंभीर आहे. शाळेत संस्कृतात पहिला आलो म्हणून तुम्ही मला स्वतःचं वाचायचं भिंग दिलंत, त्याच्या दांडीचा स्क्रू तेव्हाही ढिला होता आणि आजही आहे. शिष्याला ढिला स्क्रू देऊ नये असं कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नसेल, पण लिहायला हवं होतं. तीनदा बदलला. तरी भिंग मान टाकतं, तुम्ही रूपं विचारलीत की आमचा वर्ग टाकायचा तशी.

भिंगांनी माझी पाठ मात्र सोडली नाही. धामणकर नाक्यामागे दोन लूम कारखान्यांच्या मध्ये माझा गाळा आहे, तिथे मोठ्या वॅटचे एलईडी दिवे जोडतो. एलईडीचा उजेड मुळात चहूकडे सांडणारा. त्यावर अ‍ॅक्रिलिकची लेन्स बसवली की त्याचा झोत होतो. दहा अंशाची लेन्स लांब फेकते, साठची जवळच पसरते. तुम्ही देहलीदीपन्याय शिकवलात, उंबरठ्यावरचा एकच दिवा घरही उजळतो आणि अंगणही. माझा धंदा नेमका त्याच्या उलट चालतो. गिऱ्हाइकाला उजेड हवा तिथेच हवा असतो.

गेल्या आठवड्यात पूर्णा गावच्या एका गोदामाचं काम आलं. छत उंच, रॅकमधली गल्ली अरुंद, त्यातून फोर्कलिफ्ट पळणार. उजेड जमिनीपर्यंत पोचला पाहिजे आणि रॅकच्या आडून निघालेलं माणूसही ड्रायव्हरला दिसलं पाहिजे. भर दुपारी शटर ओढलं, भिंतीवर लूमचं कोरं कापड टांगलं आणि एकेक लेन्स लावून झोत टाकू लागलो. सोल्डरिंग करणाऱ्या बाई शेजारी होत्या. अंबाडी गावाकडच्या, आठ वर्षं माझ्याकडे आहेत.

"ही घेऊ," मी म्हणालो. "स्वच्छ झोत. डाग नाही."

"भाऊ, कडंला पिवळी रिंग हाय."

"कुठे?"

"ही काय, परातीएवढी! तुमाला न्हाय दिसत?"

लेन्सचा होल्डर अर्धा मिलिमीटर उंच बसला तरी कडेला पिवळं येतं, असं प्रवचन मी लगेच सुरू केलं, जणू मला ती आधीच दिसली होती.

"मंग नीट बसवा ना, ग्यान कशाला देताय? आणि बाजूला अंधार किती हाय बघा. मानूस आडवा आला तं मरंल की."

त्यांनी चहाचा ग्लास माझ्या डाव्या हाताशी ठेवला. मी वळलो आणि तो कोपराने उडाला.

"चाय पन दिसंना का शेठ!" त्या हसल्या. मीही हसलो. मग त्यांनीच दुसरी, जास्त अंशाची लेन्स निवडली आणि मी नुसती मान हलवली.

हसता हसता मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं. खाली लूम खडखडतायत, म्हणून तुम्ही साधं 'बस' सुद्धा ओरडून म्हणताय. मी नोकरीला लागून तुम्हाला भेटायला आलोय. पोथी घ्यायला तुम्ही हात लांबवता आणि कोपराने तांब्या कलंडतो, त्या दिवशी दुसऱ्यांदा. मी हुशार. "गुरुजी, जलदानाचं व्रत घेतलंत का?" तुम्ही हसत नाही. "समोरचं मला नीट दिसतं," म्हणता आणि फडक्याने फरशी पुसत राहता, पाणी टिपून झाल्यावरही. तुमचा काचबिंदू कळला तेव्हा बाजूचं सगळं दिसणं गेलं होतं. मी मात्र त्या दिवशी श्लोक बिनचूक म्हटल्यासारखा स्वतःच्या विनोदावर खूश होऊन घरी गेलो होतो.

आता गाळ्यात म्हणतो, "बाई, झोत तुम्हीच बघा, मला हिशोबाचं काम आहे." त्या बघतात. हिशोबाचं काही काम नसतं. घरी मी एकटाच, त्यामुळे तिथे कोणाला थाप मारावी लागत नाही. भिंग घेऊन वाचत बसतो. मधली दोन अक्षरं ठसठशीत दिसतात.

हे पत्र टपालात नाही, लेन्सच्या रिकाम्या खोक्यात जाईल. स्क्रूची तक्रार मागे घेतो. खरं एवढंच, की काल घरी माझाही तांब्या कलंडला आणि हसायला कोणी नव्हतं. मी अजून डोळे दाखवायला गेलेलो नाही, गुरुजी. मला भीती वाटते.