आमचं काही अडत नाही

प्रिय ब्रॉनी,

पाकीट जाड दिसलं म्हणून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. आधी गावची खबरबात सांगते, म्हणजे हात जरा लिहिता होईल. व्हीलचेअर चढवायची आपली व्हॅन पुन्हा गॅरेजात पडून आहे. तिचा भाग ॲडलेडहून यायचाय, तोवर बुधवारचं पोहणं बंद. फिजिओबाई पूर्वी महिन्यातून एकदा यायच्या, आता त्या पडद्यावर येतात. मी गॅव्हिनचा पाय कॅमेऱ्यासमोर धरायचा आणि त्यांनी तिकडून सांगायचं, 'थोडा अजून वाकवा.' एकाहत्तराव्या वर्षी मी फिजिओ झाले बघ. आणि मोठी बातमी म्हणजे बसून खेळायच्या चेंडूच्या सामन्यात तुझ्या भावाने, आपल्या गॅव्हिनने, शेजारच्या गावाला हरवलं. शेवटचा चेंडू त्याने कपाळाने ढकलून खुर्चीपुढच्या उतरत्या पन्हळीवरून नेमका सोडला. तीन दिवस गळ्यातलं पदक काढू देईना, आंघोळीलासुद्धा.

हे सगळं आमच्या अपंग संघाच्या वार्तापत्रात येईलच. बारा वर्षं मी ते टाइप करतेय आणि गॅव्हिन माझा संपादक. मी वाचायचं, त्याने डोळे वर केले तर हो, खाली केले तर नाही. अडतीस वर्षांत त्याच्या तोंडून एक शब्द आला नाही, पण त्याच्या होकाराशिवाय एक बातमी छापली नाही मी. तुला लिहिलेलं प्रत्येक पत्रसुद्धा पाकिटात घालण्याआधी त्याला वाचून दाखवते, ते तुला ठाऊकच आहे.

एप्रिलच्या अंकात पहिल्याच पानावर आम्ही चौकट टाकली होती. सरकारी मदतीचे तास ठरवायला अधिकारी घरी आले की त्यांना आपला चांगला दिवस सांगू नका, सर्वांत वाईट दिवस सांगा. दर वर्षी आपली भोळी माणसं 'बरं चाललंय' म्हणतात आणि तास गमावून बसतात, असं मी स्वतः लिहिलं. गॅव्हिनने डोळे असे वर केले की भुवया केसांत गेल्या.

मे महिन्यात आमच्याकडे टेगन नावाची अधिकारी आली. तुझ्याहून लहान, गोड मुलगी, सात तास गाडी चालवून आलेली. आणि मी काय केलं असेल? आदल्या दिवशी फरशी पुसली, प्लॅस्टिकच्या चादरी कपाटात कोंबल्या, गॅव्हिनला उचलायचं यंत्र दाराआड लोटलं. पॅशनफ्रूटचा केक केला. गॅव्हिनला बाबांचा निळा शर्ट घातला. तिने विचारलं, जेवण कसं करतो? म्हटलं, आम्ही दोघं मिळून जमवतो. उचलताना तुम्हाला त्रास होतो? छे, यंत्र आहे की. कधी पडलाबिडलात? नाही बाई. आमचं काही अडत नाही, असं मी तीनदा म्हणाले. तिने केकचे दोन तुकडे खाल्ले आणि मी सांगितलं तेच लिहून घेतलं. तिला कुठल्या तोंडाने दोष देऊ?

जूनअखेर कागद आला. रोज सकाळ-संध्याकाळची मदत होती, ती आठवड्यातून तीन सकाळींवर आली. मदतीला येणाऱ्या मारिलूने कागद वाचला आणि चहा तसाच ठेवून उभी राहिली. म्हणाली, 'मर्ल, नऊ वर्षं मी या घरात येते. तुम्ही माझ्यादेखत खोटं बोललात, आणि तेही केक खायला घालून.' तिचं बरोबर होतं. तीन सकाळींवर तिचं भागत नाही. महिनाअखेरीस ती दुसऱ्या गावी वृद्धाश्रमात कामाला जाते आहे. तिच्या जागी इथे माणूस मिळणार नाही, आणि नाही मिळालं तर गॅव्हिनला ॲडलेडच्या अपंग-निवासात पाठवावं लागेल. त्याचे डोळे तिथे कोण वाचणार गं?

आता तो वाईट दिवस सांगते, मारिलूखेरीज कुणालाच ठाऊक नाही तो. फेब्रुवारीत, चव्वेचाळीस डिग्रीच्या दुपारी, न्हाणीघरात यंत्राचा पट्टा निसटला आणि मी त्याच्यासकट खाली आले. माझं मनगट मोडलं. व्हिडिओवर तू पट्टी पाहिलीस, तेव्हा बरणी उघडताना लचकलं म्हणून मी तुला थाप मारली. फोन स्वयंपाकघरात होता. मारिलू येईपर्यंत तीन तास आम्ही फरशीवर पडून होतो. त्याचं डोकं माझ्या दंडावर. मी त्याला बाबांचे सगळे जुने विनोद सांगितले. आधी तो हसला, मग नुसता बघत राहिला, मग रडायला लागला, आणि मला त्याचे डोळेही पुसता येईनात. एकदा माझ्या मनात आलं की इथेच दोघांचं एकदम मिटलं तर बरं. आई असून मला असं वाटलं, ब्रॉनी. आणि आता मला तो उचलत नाही. मनगट जुळलं, पण जोर आला नाही. रोज सकाळी पट्टा चारचारदा ओढून बघते, मगच यंत्र चालवते.

हे टेगनला का नाही सांगितलं? बाबांचं बोट कापणीयंत्रात गेलं तेव्हा ते डॉक्टरला 'जरा खरचटलंय' म्हणाले होते, आपण त्याच मातीचे, हे एक झालं. पण खरं कारण वेगळं आहे. गॅव्हिन टेबलाशीच बसला होता. बाबांचा शर्ट घालून, माझ्याकडे बघत. तो मला जड झालाय, त्याला उचलायची मला भीती वाटते, हे त्याच्यासमोर कुठल्या जिभेने बोलू? त्याला बाहेर न्या म्हणावं, तर का ते त्याला लगेच कळलं असतं.

म्हणून हे पत्र. फेरविचाराचा अर्ज सप्टेंबरअखेरपर्यंत करता येतो आणि तो मला करवत नाही. फोनवर बोलले तर तो ऐकतो, घर केवढंसं. फेब्रुवारीचं जे लिहिलंय ते तू जसंच्या तसं टाइप कर, माझ्या मनात आलं तेसुद्धा, आणि माझ्या नावाने पाठव. मला फोन करून विचारू नकोस, नुसतं पाठवलं म्हणून सांग. तो आत्ता समोर बसलाय. किती पानं लिहितेय ते मोजतोय आणि वाचून दाखवायची वाट बघतोय. व्हॅनचं आणि सामन्याचं वाचेन, आणि मग कागदावर नजर ठेवून चार खोट्या बातम्या मनानेच रचेन. बारा वर्षं माझ्या आवाजातला शब्दन् शब्द तपासलाय त्याने. तो डोळे खाली करील, नाही म्हणेल, आणि तरी मी पाकीट बंद करीन.

तुझीच,
आई