घारीला सांगितलेलं

९ मे, सकाळी

चि. ठकीस, आईचे अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी मी आधी दूध तापवलं. मग ओटा पुसला, चादरी धुतल्या, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातलं. तुझ्या बाबांना उशी जरा उंच हवी होती, ती करून दिली. दोन वर्षं झाली, तरी त्या सकाळची कामं मला ओळीने आठवतात. पुढचं तुला ठाऊकच आहे, म्हणून लिहीत नाही.

मी बरी आहे. गुडघा मधूनमधून कुरकुरतो. जावईबापूंचा खोकला थांबला का, ते कळव. फोनवर तू दर वेळी विचारतेस की आई, दिवसभर कोणाशी बोलतेस तरी का, आणि मी "हो गं" म्हणून विषय बदलते. आज खरं सांगते. मी एका घारीशी बोलत होते.

जखमी पाखरांच्या केंद्रात मी जाते, हे तुला माहीत आहे. तिथे एक नियम फार कडक आहे. पाखरांसमोर तोंड उघडायचं नाही. मांसाचे तुकडे पडद्याआडून चिमट्याने द्यायचे आणि निघायचं. माणसाचा लळा लागलेलं पाखरू सोडता येत नाही. ते कोणाच्याही जवळ जाऊन उतरतं, आणि कोणीतरी दगड घालतं.

मार्चमध्ये घारीचं हे पिल्लू आलं. घरट्यातून पडलेलं, डावा पंख मोडलेला. डॉक्टरीणबाई पट्टी बांधत होत्या आणि मी धरून होते. पक्ष्यांच्या हाडांत हवा असते, हे वाचनालयातल्या पुस्तकात वाचलं होतं. खरं वाटलं ते त्या दिवशी. एवढं थोरलं पाखरू आणि हाताला भार म्हणून नाही. त्याचा तो तपकिरी डोळा माझ्यावरून हलेना. इतकं निरखून मला कित्येक दिवसांत कोणी पाहिलं नव्हतं.

दुसरं कोणी नसताना मी बोलले. मग रोजच बोलू लागले.

पंख सांधला. तिला उडायच्या मोठ्या पिंजऱ्यात हलवलं. डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. दार वाजलं की बाकीची पाखरं लांब पळतात. ही उडत आली ती थेट माझ्या पायांशी, चोच उघडून. बाईंनी वही काढली. सोडण्यालायक नाही असा शेरा पडला असता, तर जन्मभर तोच पिंजरा. आणि घार वीस-वीस वर्षं जगते, ठके. गप्प राहिले असते तर मला कोणी काही म्हटलं नसतं. मी सांगून टाकलं की ही माझी करणी.

पिंजरे बांधणारे सुतारकाका म्हणाले, "बाई, घार आहे ती, शेजारीण नव्हे." सगळे हसले. मला हसू आलं नाही.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी उपाय सांगितला, तो रागावण्यापेक्षा जड होता. "रोज जे बोलत होतात तेच बोला. त्याच आवाजात." माझ्या आवाजाची तिला धास्ती बसावी म्हणून, मी बोलायला लागले की काका मागून पत्र्याचा डबा बडवणार आणि बाई तिच्यावर नळीने पाणी सोडणार.

म्हणजे जे तुला सांगितलं नाही, ते त्या दोघांसमोर बोलणं आलं.

ते हे. उशी उंच केल्यावर तुझे बाबा म्हणाले, "जरा बस ना इथे." मी म्हटलं, एवढ्या चादरी वाळत घालते नि आले. चार चादरी होत्या. मी परत आले तेव्हा ते गेलेले होते. तुला सांगितलं की मी हात धरून बसले होते. तुला बरं वाटावं म्हणून, असं मी स्वतःला समजावत आले. पण खरं तर ते मलाच बरं वाटावं म्हणून होतं.

पहिल्या दिवशी डबा वाजला, पाणी उडालं, आणि ती भिजलेली माझ्याकडेच धावली, लपायला. मी बोलणं थांबवलं नाही. असे अकरा दिवस. अकराव्या दिवशी मी नुसतं "त्या दिवशी" एवढंच म्हटलं, आणि ती सरळ छताजवळच्या दांडीवर गेली. मानेवरची पिसं ताठ, दोन्ही पंख पसरलेले. तो डोळा आता मला नीट ओळखत होता आणि जवळ येऊ देत नव्हता. मी तशीच उभी राहिले. एवढं देखणं मी काही पाहिलेलं नाही. काकांनी डबा खाली ठेवला. म्हणाले, "बाई, आता पुरे."

काल दहाच्या सुमारास, हवा तापल्यावर, टेकडीवर खोका उघडला. चार वेळा पंख मारले तिने. मग मारलेच नाहीत. नुसते पसरले, आणि हवेनेच तिला उचललं. गोल, त्यावर गोल, त्याहून वर. तिथे आणखी पाच-सहा घारी फिरत होत्या. थोड्या वेळाने त्यांतली आपली कुठली, तेच कळेना. मान अवघडली तरी मी बघत होते.

तू रागावशील. रागाव. तुझा तो हक्क आहे.

आज मी केंद्रात गेले नाही. जेवणाच्या टेबलाशी बसले आणि हे तुला लिहिलं.

तेव्हा तुझ्या बाबांजवळ नसलेली,
तुझी आई