बंद शे का, हे विचारल्याशिवाय हात घालू नये

मी, अभिमन पुना पाटील, वय चौऱ्याहत्तर, राहणार पिंप्राळा, जळगाव, धंदा रेडिओ व ॲम्प्लिफायर दुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वखुशीने करतो. माझा हात कापतो, बुद्धी कापत नाही. तसा डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालायला घरातली दोन माणसे एकत्र बसावी लागतात, आणि इथे तीच अडचण आहे. मी सांगतो तसे शेजारचे रुपचंद लिहून घेत आहेत. मध्येच ते "आबा, हे कायद्यात बसत नाही" म्हणतात. बसत नसेल तर उभे राहू द्या, पण लिहा.

मला दोन अपत्ये. थोरली रत्ना, धुळ्याला देवपुरात दिली आहे. धाकटा ललित माझ्याजवळ असतो, त्याचा साउंडचा धंदा आहे. त्यांची आई भिकुबाई आता नाही.

एक. राहते घर ललितचे. गच्चीलगतची खोली रत्नाची. माहेरी आल्यावर तिला किल्ली मागावी लागू नये.

दोन. बँकेत जे निघेल ते दोघांना निम्मे निम्मे. यावर जास्त शाई घालवत नाही.

तीन. गल्लीतल्या जगदीशने माझा भोंगा लग्नाला म्हणून नेला आणि पोचा पाडून परत आणला. वर म्हणाला, "आधीपासूनच होता." त्याला तो भोंगा आणि जोडीतला दुसरा, चांगला भोंगाही द्यावा. दोन्ही शेजारी ठेवले की त्याला पोचा आपोआप दिसेल.

चार. व्हॉल्वचा ॲम्प्लिफायर. खरे म्हणजे हे मृत्युपत्र याच कलमासाठी आहे.

श्रावणात कानबाई देवी घरोघरी बसली की आमच्या गल्लीत गाणी याच यंत्रावर लागत. प्रसादाचे रोट भाऊबंदांतच खायचे असतात, गाणी मात्र सगळ्यांची. गेल्या वर्षी मिरवणुकीच्या तोंडावर त्याचा फ्यूज उडाला. ललितने घाईत फ्यूजच्या जागी तांब्याची तार लावली. बटण दाबताच ट्रान्सफॉर्मरपाशी धूर निघाला, त्याने लगेच बंद केले. सणाला माहेरी आलेल्या रत्नाने विचारले, "बंद शे का?" तो म्हणाला, "बंद शे." तिने आत हात घातला आणि झटक्याने ती मागे भिंतीवर आपटली. हात प्लास्टरमध्ये गेला.

ती म्हणते, तो खोटे बोलला. तो म्हणतो, मी बटण बंद केलेच होते. दोघेही खरे सांगतात. व्हॉल्व तापायच्या आत बटण बंद केले, तर कंडेन्सरमधली वीज आत तशीच भरलेली राहते. बटण बंद म्हणजे यंत्र बंद नव्हे, हे दोघांना लहानपणापासून ठाऊक आहे, पण भांडणात कोणाला आठवते! तेव्हापासून रत्ना राखीला आली नाही, भाऊबीजेला नाही. माझ्याशी फोनवर बोलते आणि ललितचा आवाज मागे आला की "आबा, ठेवते" म्हणते. मला हे सोसत नाही. माझ्या मागे हे असेच राहू नये.

म्हणून ॲम्प्लिफायर रत्नाला देतो, तिचा झाळकामाचा, म्हणजे सोल्डरिंगचा, हात माझ्यापेक्षा स्वच्छ आहे. मीटर आणि सिरीज बल्बचा बोर्ड ललितला देतो. एकाच्या वस्तूशिवाय दुसऱ्याची वस्तू उघडायची नाही. आणि एकट्याने तर कधीच नाही. आमच्या घरची रीत अशी. पिन भिंतीतून काढून स्विचजवळच्या माणसाने हातात धरायची. कंडेन्सर रेझिस्टन्स लावून सावकाश रिकामे करायचे, स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून मर्दुमकी दाखवायची नाही. मीटर शून्यावर आलेले डोळ्यांनी पाहायचे. काम करणाऱ्याने अंगठी काढायची, पायात कोरडी रबरी चप्पल, डावा हात खिशात. दुरुस्तीनंतर प्रथम सिरीज बल्बमधून चालू करायचे, तेही साध्या पिवळ्या बल्बमधून. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, मुकाट्याने पुन्हा उघडा. स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नये. फ्यूजच्या जागी तार लावणाऱ्याने माझ्या तसबिरीला हार घालू नये.

मी काम करताना स्विचजवळ भिकुबाई बसे. "बंद शे का?" असे मी विचारायचो. ती पिन उचलून दाखवायची, मीटर बघायची आणि मगच म्हणायची, "बंद शे. टाका हात. मी आठेच बठेल शे." ती इथेच बसून आहे, या तिच्या शब्दावर मी जन्मभर आत हात घातला.

पाच. ती बसे ते लाकडी स्टूल कोणालाच देत नाही. कोणाच्या नावे करावे हे मला ठरवता येत नाही.

सही थरथरते, म्हणून सहीशेजारी अंगठाही उठवला आहे.

अभिमन पुना पाटील
आमच्यासमक्ष: रुपचंद (शेजारी), कमलबाई (समोरच्या शिवणकामवाल्या)
पिंप्राळा, जळगाव, १२ जुलै २०२५

पुरवणी

मेल्यावर वाचून दाखवण्यात काय हशील, असे कमलबाईंनी मला फटकारले. म्हणून कानबाईच्या आदल्या दिवशी दोघांना बोलावून कलम चार मोठ्याने वाचायला लावले. रत्ना दाराजवळ उभी होती. ललित मान खाली घालून ऐकत होता. वाचून झाल्यावर रत्नाने यंत्र टेबलावर घेतले आणि अंगठी काढून माझ्या हातात दिली. ललित स्विचजवळ गेला.

कंडेन्सर रिकामे करून झाले. तिने हात पुढे नेला आणि थांबली. भावाकडे न बघता म्हणाली, "बंद शे का?"

 ललितने मीटर पाहिले, पुन्हा पाहिले. मग पिन वर धरून दाखवली.

"पिन मना हातमा शे, अक्का. मीटर शून्यवर शे." आणि आईच्या स्टुलावर बसत म्हणाला, "बंद शे. टाक हात. मी आठेच बठेल शे."

रत्नाने हात घातला.

सुकलेले कंडेन्सर बदलले, सिरीज बल्ब पेटून मंदावला आणि यंत्र सुरू झाले. थोडी घरघर अजून आहे, ती उद्याच्या गाण्यांत कोणाला ऐकू येणार नाही. कलम चारमधली वाटणी रद्द करतो, यंत्र आणि बोर्ड दोन्ही दोघांचे. घरची रीत मात्र कायम.

कलम पाचही बदलतो. स्टूल ललितला.

अभिमन पुना पाटील, सही व अंगठा
त्याच साक्षीदारांसमक्ष; कमलबाईंनी डोळे पुसून सही केली
पिंप्राळा, जळगाव, २ ऑगस्ट २०२५