दारात चालू ठेवलेली गाडी

मी, खाली सही करणारा, शववाहिकेचा चालक आणि मालक, वय चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत, असं वकीलसाहेब म्हणाले. कोणाचा दबाव नाही. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी गाडी एकट्या मुलाला दिली होती. का बदललं ते खाली येईलच. यात गोष्टी लिहू नका, असं वकीलसाहेबांनी बजावलं होतं. पण मी जन्मभर न बोलणाऱ्या माणसांना घेऊन फिरलो. आता थोडं बोलू द्या.

१. राहतं घर शेडसह मुलगा आणि मुलगी यांना निम्मं-निम्मं. मधे भिंत घालू नये.

२. बँकेतली ठेव मुलीला. मुलाचा वाटा त्याच्या लग्नात पाहुणे जेवून गेले.

३. सगळे पाने, जॅक आणि हवेचा पंप मुलाला. दहाचा पाना शेजारच्या टेलरकडे आहे. तो म्हणतो, परत दिला. म्हणून त्यालाच साक्षीदार केलं आहे, म्हणजे हे वाचावं लागेल.

४. मेव्हण्याला काही नाही. मला पाहिलं की तो रस्ता ओलांडायचा, अपशकुन नको म्हणून. त्याची वेळ येईल तेव्हा मात्र गाडी पाठवावी आणि भाडं घेऊ नये.

५. आता गाडी.

आमच्या धंद्यात रीत आहे: मयताच्या दारात इंजिन बंद करायचं नाही. पूर्वी गाड्या पुन्हा सुरू होतील याचा नेम नसे, म्हणून चालू ठेवत. पुढे कारण विसरलं आणि भीती तेवढी उरली. दारात इंजिन थांबलं तर त्या घरातून आणखी एक जातं, म्हणतात. त्यामुळे लोक रडत असतात आणि आमचा धूर त्यांच्या नाकातोंडात जात असतो. घरीही तेच. गाडी रोज सकाळी शेडमध्ये गरम व्हायची, आणि शेडकडे उघडणाऱ्या खिडकीशी मुलांची आई भाजी चिरत असायची. तिला खोकला जडला आणि तो तिला घेऊनच गेला. डॉक्टरांनी नेमकं बोट ठेवलं नाही. धूर बरा नाही, एवढंच म्हणाले.

ती गेली आणि तिचा खोकला गाडीला लागला. उभ्या गाडीचं इंजिन दोनदा ठसकतं, थांबतं, मग एक लांब उबळ काढतं. मेकॅनिकने कार्बुरेटर उघडला, प्लग बदलले. म्हणाला, "काका, गाडीत काहीच नाही." बरं, म्हटलं.

माझी मुलगी, धाकटी, बस डेपोत विजेच्या बसगाड्या दुरुस्त करते. तिचं म्हणणं, आपलीही गाडी बॅटरीवर आणू. दारात तासभर उभी राहिली तरी काही जळत नाही. दादा, म्हणजे माझा मुलगा, आता गाडी तोच चालवतो. तो म्हणतो, तुझी वीज काय आभाळातून पडते? तीही कोळसा जाळूनच येते. बॅटरीसाठी कुठेतरी डोंगर पोखरतातच. आणि नवी गाडी बनवताना जो धूर होतो, तो भरून निघायला आपली गाडी पळते कुठे? घर ते स्मशान, एवढीच तिची दुनिया. त्याचं खोटं नाही. धाकटीनेही ते मानलं.

"म्हणून नवी नकोच," ती म्हणाली. "हिचंच इंजिन काढून मोटर बसवू. कोळशाची वीज उद्या उन्हाची होईल, दादा. पेट्रोल उद्याही पेट्रोलच."

जुन्या बॅटऱ्यांचं पुढे काय, यावर ती अडखळते. उत्तर ठोकून देत नाही, हे मी तिच्या बाजूने धरतो.

दादा म्हणाला, इंजिनाला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे. तेव्हापासून दोघांत अबोला. एका ताटात जेवलेली भावंडं मीठ मागायचं तरी मला मधे घालतात.

एका दुपारी शेडमध्ये गेलो. दारं सताड उघडी, गाडी चालू, आणि दादा सीटवर डोळे मिटून बसलेला. म्हणाला, "बाबा, तुम्हालाही ऐकू येते ना?"

मी हो म्हटलं. येत होतीच. कोळसा, डोंगर हे सगळं खरं, पण त्याच्या हट्टाचं मूळ ते नव्हतं. त्याच आठवड्यात मी पहिलं मृत्युपत्र केलं.

परवा जेवून पडलो होतो. खोकला ऐकू आला. दोन ठसके, थांबणं, मग ती लांब उबळ. म्हटलं, बसला पुन्हा ऐकत. मग आठवलं, दादा गाडी घेऊन एका मयताच्या वर्दीवर गेला आहे. उठून पाहिलं तर शेड रिकामी, जमिनीवर नुसता तेलाचा डाग. आवाज खिडकीच्या आतून येत होता. धाकटी ओट्याशी उभी, तोंडावर ओढणी दाबलेली.

"कधीपासून?"

"काही नाही बाबा. फोडणीचा ठसका."

गॅस पेटवलेलाच नव्हता.

म्हणून लिहितो. गाडी दोघांची. इंजिन काढायचं. दादाने स्वतःच्या हाताने उतरवायचं, मोटर धाकटीने बसवायची. उतरवलेलं इंजिन घरात ठेवायचं नाही आणि पुन्हा चालू करून कोणी ऐकत बसायचं नाही. धाकटीला दादाने छातीच्या डॉक्टरांकडे न्यावं. यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. जिवंतपणी हे कलम लागू होत नाही, असं वकीलसाहेब म्हणतात. मग बापाची विनंती समजा.

दादा, आई त्या इंजिनात नाही, असं मी म्हणणार नाही. पण लेकीला आपलं दुखणं लावून ती तिथे घटकाभरही बसली नसती.

६. हे सगळं नीट पार पडतं की नाही, ते स्मशानाबाहेर बसणाऱ्या फुलवाल्या मावशींनी पाहावं. त्यांचा शब्द दोघंही खाली पडू देत नाहीत.

सहीआधी हे दोघांना वाचून दाखवलं. दादा उठला. बहिणीसमोर जाऊन उभा राहिला.

"खोक एकदा," म्हणाला.

ती नाही म्हणाली, ओठ घट्ट मिटून घेतले. मग तिला आवरेना. तो पूर्ण ऐकेपर्यंत हलला नाही. नंतर तिच्या हातात पाण्याचा पेला देऊन शेडकडे गेला. बॉनेट उघडल्याचा आवाज आला. आता सही करतो.

सही: शववाहिकेवाला

आमच्या देखत सही झाली, साक्षीदार:
फुलवाल्या मावशी
शेजारचे टेलर (पान्याबद्दल मला मान्य नाही)

ठिकाण: राहत्या घरी, स्वयंपाकघरात
दिनांक: ९ नोव्हेंबर, दुपार