वर्षाचं धान्य, एकट्याचं घर

प्रिय शकू,

तू जाऊन सहा महिने झाले. आज लिहायला बसलो, कारण गेल्या आठवड्यात आपल्या अंगणात जे घडलं ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मोंढ्यातल्या धान्यवाल्या शिवराजअप्पांचा फोन आला होता. "मामा, यंदाचा गहू आलाय. किती टाकू? मामींना विचारून सांगा." तू गेलीस हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं! मी सांगायला हवं होतं ना? पण तोंडातून निघालं, "नेहमीचंच टाका." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. मला वाटलं, दोन पोती असतील. हमाल उतरवतच राहिले. गहू, ज्वारी, तुरीची डाळ, मिळून चौदा पोती! मी इतकी वर्षं शाळेत शिपाई, सकाळी जायचो ते संध्याकाळी यायचो. घरी माल कधी आला, कुठं गेला, मला काय माहीत? रिटायर झालो तर घरात तूच नाहीस.

एक सिलिंडर मला तीन महिने पुरतो, शकू. मीटर बघायला येणारा परवा म्हणाला, "काका, गावाला गेला होता काय?" तू जन्मभर धडपडलीस तरी एवढी बचत झाली नव्हती. आता आपोआप होते. कुणाला सांगू?

तुझे नियम मला खटकायचे. हंगामात भाव उतरले की वर्षाचं भरायचं. पगार झाला की आधी बाजूला काढायचं, मग उरलेल्यात भागवायचं. आपल्या लेकीच्या, अनिताच्या साखरपुड्यात लातूरच्या पाहुण्यांपुढं मी मोठ्यानं म्हणालो, "आमच्याकडं चहात साखरसुद्धा हिला विचारून टाकावी लागते!" सगळे हसले, तूही हसलीस. मग आत जाऊन भांडी घासत बसलीस, कामाला बाई लावलेली असताना! मला समजलं होतं गं. तरी आत आलो नाही.

तर ती पोती बघत मी ओट्यावर बसलो होतो. समोरच्या मंगलबाई आल्या.

"भाऊ, सगळ्यांचा माल मागवलाव की काय?"

"सगळ्यांचा म्हणजे?"

"सात घरांचा. ताई ठोक भावात घ्यायच्या. आमी महिन्याला थोडे थोडे पैशे द्यायचो. तुमाला ठाव न्हाई?"

नव्हतं. सोमवारी दुपारी तुझ्याकडं बायका जमतात एवढं ऐकून होतो, पण त्या गप्पा मारायला जमतात असंच मला वाटायचं.

"ताई गेल्या अन् सगळं मोडलं बघा," त्या म्हणाल्या. "ज्याचं त्यो किलो-किलोनं आणायलाय. लई महाग पडायलंय."

अप्पांचे पैसे मी माझ्या फंडातून दिले. संध्याकाळी सातही घरच्या बायका आल्या. काटा मंगलबाईंनीच धरला. अंगण पुन्हा भरलं होतं, तरी माझी नजर सारखी दाराकडं जात होती.

माल वाटून झाला आणि मंगलबाई भिंतीला धरून खाली बसल्या. पाणी दिलं.

"काय न्हाई भाऊ. बीपीची गोळी एक दिवसाआड घेते. पाकीट दोन महिने जातंय. ताई तर अर्धीच घ्यायच्या."



मी बघितलं होतं, शकू. सुरीनं गोळीचे दोन तुकडे करताना तुला बघितलं होतं. वाटलं, डॉक्टरांनीच सांगितलं असेल. 'का गं?' एवढं विचारायला किती वेळ लागला असता? तुझ्या मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या नियमित होत्या?" मी छातीठोक सांगितलं, "हो." चौथ्या दिवशी तू गेलीस.

सात घरांचं भलं केलंस आणि कात्री लावलीस ती स्वतःच्याच औषधाला? इतकी हुशार बाई तू, हे कसलं वाचवणं होतं! रागावतोय मी. हा राग कुणावर काढायचा तेही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी मंगलबाईंना घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. रांग मोठी होती, दोन तास गेले. महिन्याभराच्या गोळ्या मिळाल्या. पैसे? एक रुपया लागला नाही. मंगलबाई खूश झाल्या. मी मात्र तोंड फिरवून उभा राहिलो. अशीच तुलाही एकदा घेऊन आलो असतो तर?

घरी येऊन कुलूप काढलं, भात टाकला. एका माणसाचा भात मला अजून बेतानं करता येत नाही.

तुला शब्द देतो, शकू. गल्लीचा माल दर उन्हाळ्यात मी आणीन. तुझ्यासारखी घासाघीस जमणार नाही, पण खराब माल येऊ देणार नाही. आणि दर महिन्याला मंगलबाईंबरोबर आणि आणखी कुणाला गरज असेल तर तिच्याबरोबर त्या रांगेत उभा राहीन. त्यांना स्वयंपाकाची, पोराबाळांची गडबड असते. मला घरी परतायची कसलीच घाई नसते.

तुझा,
माधव