मागची सीट काढली नाही

आबा, यंदाच्या दसऱ्याला तुमच्या गॅरेजात काय झालं, ते सांगायला बसले आहे. तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही. लागावं म्हणून.

आधी तो जुना दसरा आठवा. मी मॅट्रिक झाले त्या सालातला. उद्यमनगरातलं गॅरेज सकाळीच धुऊन काढलंय, पाटावर पाने, हातोडे, जॅक मांडलेत, सगळ्यांना झेंडू वाहिलाय आणि मी ताट घेऊन हत्यारांना ओवाळते आहे. आदल्या दिवसापासून घोकलेलं वाक्य तेव्हा एकदाचं तोंडातून बाहेर पडलं. "आबा, मी येऊ का गॅरेजात? हिशेब ठेवीन, काम पण शिकीन." तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, मिस्त्रीकडे बघून बोललात. "ओवाळायला चालतोय की तुझा हात. पान्याला बाईचा हात लागला की नट सुटत न्हाई, संसार सुटतो." मिस्त्री हसले, गाडी न्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा हसलं. मग तुम्ही नव्या पान्यांचा संच उचलून माझ्या धाकट्या भावाच्या हातात दिलात. त्याला तर मिसरूडही फुटलं नव्हतं. ताटातलं निरांजन विझू नये म्हणून मी तोंडातून श्वाससुद्धा सोडला नाही. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही माझं लग्न लावून दिलंत.

रविवारी गाडी तपासायला तुम्ही आम्हा दोघांना माळावर न्यायचात, तेही आठवतंय. तो पुढं तुमच्या शेजारी, मी मागच्या सीटवर. शिकवणं सगळं पुढं चालायचं. "टायर कसा दगडासारखा पायजे. गाडी खाली बसलेली पायजे, जमिनीला चिकटून." मी मागं बसून ऐकायची. ऐकायला तुमची बंदी नव्हती, कारण मी ऐकते आहे हे तुमच्या ध्यानातच नव्हतं.

तो धाकटा आता केस पिकलेला माणूस आहे. गॅरेज त्याचं, हौस मात्र तुमचीच. कळंब्याच्या पुढं माळावर हौशी लोकांची गाड्यांची शर्यत भरते, ऑटोक्रॉस म्हणतात. शंकू लावून नागमोडी वाट आखतात, एका वेळी एकच गाडी सोडतात, झुंज घड्याळाशी. शंकू पाडला की वेळ वाढवतात. गेल्या उन्हाळ्यात तो आमच्या दारात नवी बांधलेली गाडी घेऊन आला. खाली बसवलेली, कडक स्प्रिंगा, घसा फोडून ओरडणारा सायलेन्सर. आणि मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत "आबांचा आशीर्वाद". मी देवपूजा आटपून बाहेर आले, ते वाचलं, आणि शुक्रवारच्या उपासाच्या तोंडानं म्हणाले, "मला पण नाव घालायचंय."

"अक्का, घाल की," तो म्हणाला. "बायकांचा गट हाय. तिघी-चौघीच असत्यात. कप घरात आलाच म्हणून समज."

"आणि तुझ्या गटात?"

"अगं, तिथं गाड्या बांधून आणत्यात. तुझी दुधाची गाडी हाय."

दुधाचीच आहे. आठशे सीसीची, जुनी, पांढरी. पेठ वडगावच्या बाजूला आमचा मळा आहे, तिथून रोज किटल्या घेऊन मीच येते. ह्यांनीच मला गाडी शिकवली, तुम्ही नाही. तांबड्या मातीत चाक कुठं धरतं आणि कुठं सोडतं, ते मला पायाला कळतं.

आठवडाभर मी गटाचाच विचार करत होते. बायकांच्या गटात जिंकले असते, तर जिंकूनही तुम्हीच खरे ठरला असता. त्याच्या गटात जायचं तर गाडी बांधायला हवी, म्हणजे संसारातले पैसे उधळायचे, आणि बांधायची तीही तुमच्याच रीतीनं. तिसरा गट होता, कंपनीतून जशी निघाली तशी गाडी. मग एक गोष्ट ध्यानात आली. गट कुठलाही असो, वाट तीच, शंकू तेच, घड्याळ तेच, आणि फळ्यावर वेळ सगळ्यांची लागते. पैसा न घालवता त्याला गाठता येत होतं. तुम्हालाही.

त्या तिसऱ्या गटात नाव घातलं, नियम वाचले. स्टेपनी काढली तर चालतं, मागची सीट काढली की गट बदलतो. सीट मी काढली नाही. मागचे चांगले टायर पुढं घेतले, कारण ही गाडी पुढच्या चाकांनी ओढते. हँडब्रेकची वायर ताणून घेतली. आणि टायरची हवा कमी केली, चांगली कमी. तुमचा दगडासारखा टायर डांबरावर ठीक होता आबा, सुट्या मातीत तो नुसता घसरतो. धाकट्याला हे कळायला हवं होतं. पण त्यानं तुमचा शब्द न् शब्द देव्हाऱ्यात ठेवलेला. मला तुम्ही काही शिकवलं नाहीत, म्हणून मला काही विसरावंही लागलं नाही.

"पडलीस तर पड," हे म्हणाले, "पण संध्याकाळी गाडी दुधाला पायजे."

शर्यतीच्या दिवशी अंबाबाईचं नाव घेऊन मी गाडी सोडली. वळणावर हँडब्रेक ओढला, शेपटी फिरली, शंकू एकही हलला नाही. मग धाकटा सुटला. उंचवट्यावर त्याची गाडी ससा उडावा तशी उडत होती, प्रत्येक वळणाला भलतीकडेच. माझ्या गटात माझा दुसरा नंबर आला, एका कॉलेजच्या पोरीनं मला मागं टाकलं, त्याचं मला काही नाही. फळ्यावर त्याचं नाव माझ्या खाली होतं. गर्दीतून कोणीतरी त्याला ओरडलं, "पावणं, आशीर्वाद मागं राहिला की वो!" आबा, तुमच्यावर माणसं हसत होती. मी पदर तोंडाला लावला नाही. पोटभर हसले.

आणि आता दसरा. दर वर्षीसारखं त्यानं बोलावलं, "अक्का, ओवाळायला ये." मी गेले. निरांजन लावलं आणि ताट त्याच्याच हातात दिलं.

"बाप्या माणसानं ओवाळायचं व्हय?"

"का? चालतोय की तुझा हात."

मिस्त्री हसले, तेच हसू. तो ओवाळत असताना मी पाटावरचा पाना उचलला आणि भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे बघत त्याच्या गाडीच्या चाकाचे नट एकेक करून सोडवले आणि पुन्हा आवळले. नट सुटलाही आणि बसलाही. संसार शाबूत आहे.

तुम्ही जिवंत असायला हवे होतात, असं त्या दिवशी फार वाटलं. माया दाटून आली म्हणून नव्हे. तुमचं पडलेलं तोंड मला बघायचं होतं, तेवढ्यापुरतं. त्याआधीच सुटलात, हे मी अजून विसरलेले नाही.

हे पत्र कुठं पाठवणार, आणि कागद टाकून देणं माझ्यानं होत नाही. इंजिनातलं ऑइल बघायची कांडी पुसायला घेतला असता, पण तेल लागलं की कागद फाटतो. कांडी मी तुमच्या जुन्या सदऱ्यानंच पुसते. लग्नात सामान बांधताना आईच्या नकळत ट्रंकेत टाकला होता. त्याचे धागे सुटत नाहीत, एवढंच.