चौथा कॉम्प्युटर

२ फेब्रुवारी २०२५, अंबड
आले एकदाची! परभणीहून सकाळी सातला निघालेला टेम्पो साडेअकराला वडीगोद्री रस्त्याच्या या घरापाशी थांबला. वरच्या मजल्यावर माझ्या दोन खोल्या, भरपूर ऊन, आणि भिंतीला लागून घरमालकांचं कुलूपबंद कोठार. मालकीणबाई चतुराबाई खाली राहतात. त्यांचा मुलगा कल्याण बाजारात ऑनलाईन फॉर्म भरून देण्याचं सेंटर चालवतो. आल्या आल्या पिठलं-भाकरी मिळाली. वायफाय त्यांचंच. कल्याणने पासवर्ड कागदावर लिहून दिला.

४ फेब्रुवारी
दिवस मशिनी जोडण्यात गेला. बियाण्याच्या पाकिटांची डिझाईनं मी ॲपलच्या लॅपटॉपवर करते, प्रिंटर फक्त विंडोजवाल्याचं ऐकतो आणि जुन्या फायलींसाठी लिनक्स टाकलेला जुना डबा आहे. तिघांच्या तीन तऱ्हा. ॲपलला विंडोज दिसेना, विंडोज सारखं पासवर्ड मागे. शेवटी वैतागून लिनक्सवर एक फोल्डर सगळ्यांसाठी उघडा टाकला, पासवर्डशिवाय. चार वाजता ॲपलवरचं कापसाचं पाकीट विंडोजवर उमटलं आणि मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या.
नेटवर्कवरच्या कॉम्प्युटरांच्या यादीत मात्र चार नावं दिसतात. चौथं ‘तृप्ती’.

५ फेब्रुवारी
चतुराबाईंना विचारलं. तृप्ती त्यांची मुलगी, पुण्याला दिली, कॉम्प्युटर केव्हाच विकला, असं म्हणाल्या. मग माझ्याकडे बघत राहिल्या.
“दुसऱ्याच्या घरात लई नजर फिरवू न्हाई, बाई.”
कोठारातून टकटक येते तेही सांगितलं. उंदीर म्हणे.
संध्याकाळी कल्याण जिन्यात उभा होता. माझ्याकडे किती मशिनी, कुठल्या, टायपिंगचा वेग किती, सगळं विचारून घेतलं. हसला नाही.

७ फेब्रुवारी
उघड्या फोल्डरमध्ये मी न केलेली फाईल. वेळ आजचीच, ११:१०. आत दोनच शब्द: कोण हाय?
कल्याणची चेष्टा वाटली. लिहिलं, मी सुमेधा, नवी भाडेकरू, तुम्ही कोण?
चार मिनिटांनी उत्तर आलं.
‘मी तृप्ती. तुमच्या भिंतीच्या पलीकडं. अडीच वर्षं झाली. नागसेनशी लगीन करते म्हणले तर दादानं कोंडलं. सेंटरचे फॉर्म मीच टाईप करते. इंटरनेट तोडलंय, घरातलेच कॉम्प्युटर दिसतात. आजवर कुणाचाच फोल्डर उघडा नव्हता.’
भिंतीवर टिचकी मारली. पलीकडून लगेच टिचकी आली.
उंदीर नव्हे, की-बोर्ड. रोज ऐकत होते मी.
पोलिसांना फोन लावायला हात टेबलाकडे गेला. फोन नाही. माझं रिचार्ज संपलं होतं; कल्याणच्या सेंटरवरून करून आणते म्हणून सकाळी चतुराबाई फोन घेऊन गेल्या होत्या. मेल पाठवावी तर वायफाय चालू, पण इंटरनेट बंद. जिन्याच्या जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप.

८ फेब्रुवारी, सकाळ
फोन मागितला. खालून कल्याण म्हणाला, मिळेल, जल्दी काय आहे? जाळी उघडत नाहीत. कुलूप बिघडलंय म्हणे.
तृप्ती लिहिते, दादाने काल तिच्या फायली तपासल्या. माझं उत्तर त्याने वाचलं.

दहा वाजता
समोरच्या ओट्यावर रामराव पेपर वाचत होते. निवृत्त मास्तर, पांढरं धोतर. मी खिडकीच्या गजांतून ओरडले. कोंडलंय, पोलिसांना बोलवा. तीनदा.
त्यांनी वर पाहिलं. सगळं ऐकलं. पेपरची नीट घडी घातली, आत गेले, दार लावलं.
मग शेजारच्या घराची खिडकी लागली. मग त्यापलीकडची.
तृप्तीची फाईल: ‘वरडू नका. गल्लीला समदं म्हाईत हाय.’

अकरा
भिंतीपलीकडे आपटल्याचा आवाज. मग रडणं — दाबलेलं. मी भिंत बडवली. आवाज थांबला.
अर्ध्या तासाने एक फाईल —
‘तुम्हाला टायपिंग करायला लावतील. हो म्हना. तुमच्या आधीची बाई न्हाई म्हनली. मी भिंतीतून ऐकलं. तिला त्यांनी’
पुढे काहीच नाही.
यादी पुन्हा पुन्हा उघडते आहे. तीनच नावं. तृप्ती नाही —

जाळी वाजली. वर येताहेत. कल्याण. मागे चतुराबाई, दम लागलाय. आणि तिसरं कुणीतरी, खोकतंय — रामराव —
दाराशी टेबल लावलंय. सरकतंय.
वही गादीखाली ठेवते. कुणाला सापडली तर कोठार आधी उघडा, ती अजून जि—